काटकसरीचं वाङ्मय

मराठी समीक्षकांनी कथा, कविता, कादंबरी, नाटक या सगळ्यांची यथास्थित चिरफाड केली आहे. पण ज्या वाङ्मयप्रकारानं एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या स्टॉलची दर्शनी फळी बळकावली आहे, त्याच्याकडे मात्र एकाही समीक्षकानं ढुंकून पाहिलेलं नाही. हा प्रकार म्हणजे काटकसरीचं वाङ्मय. पैसे कसे वाचवावेत, वाचवलेले कुठे ठेवावेत आणि ठेवलेले आहेत याचा नातेवाइकांना सुगावा लागू न देता साठाव्या वर्षी श्रीमंत कसं व्हावं, हे सांगणारी ही पुस्तकं. पूर्वी या फळीवर रहस्यकथा असत. त्यांत खून कुणी केला हे शेवटच्या पानावर कळायचं. या पुस्तकांत ते पहिल्याच पानावर कळतं. खून आपणच केलेला असतो, आपल्या पैशांचा.

या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार दुहेरी आहे. एक म्हणजे मी बी. कॉम. आहे. (सेकंड क्लास. हा तपशील सौभाग्यवती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतेच, म्हणून मीच सांगून टाकतो.) दुसरं म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी गेली वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसतो. लोक पैसे वाचवतात म्हणजे नक्की काय करतात, हे पुस्तक लिहिणाऱ्याला कल्पनेनं ठरवावं लागतं. मला ते काचेच्या अर्धगोल भोकातून रोज दिसतं.

प्रथेप्रमाणे आधी इतिहास. या वाङ्मयाचा उगम शोधत गेलं की अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिनपाशी जाऊन पोचायला होतं. हे गृहस्थ दरसाल एक पंचांग काढत. त्यात तिथी-वारांच्या जोडीला उद्योगाची आणि काटकसरीची सुभाषितं असत. पंचवीस वर्षांची सुभाषितं साठल्यावर १७५८च्या पंचांगात त्यांनी ती सगळी एका म्हाताऱ्याच्या भाषणात कोंबली. लिलावासाठी जमलेल्या गर्दीपुढे म्हातारा उधळपट्टीविरुद्ध बोलतो. लोक माना डोलावतात, वाहवा करतात. आणि भाषण संपून लिलाव सुरू झाला रे झाला, की तीच मंडळी मिळेल त्या भावानं वस्तू घेत सुटतात! नव्या कोटाचं कापड घ्यायला आलेला निवेदक तेवढा जुनाच कोट आणखी काही दिवस वापरायचं ठरवून घरी जातो. हा शेवट खुद्द फ्रँकलिननंच लिहिलेला आहे. आपल्या वाचकाची इतकी अचूक पारख या क्षेत्रातल्या दुसऱ्या कुठल्या लेखकाला झाल्याचं माझ्या वाचनात नाही. बाकीचे सगळे, वाचकानं माना डोलावल्या म्हणजे काम झालं, असं समजतात.

पुढं १९२६ साली जॉर्ज क्लेसन यांचं बॅबिलॉनमधल्या श्रीमंत माणसाचं पुस्तक आलं. मराठीत ते उतरलं आहे आणि स्टॉलवर हमखास दिसतं. मिळकतीचा दहावा हिस्सा आधी बाजूला काढावा आणि मग उरलेल्यात घर चालवावं, हा त्याचा मंत्र. मंत्र चांगला आहे. पण या कथा आधी सुट्या पत्रकांच्या रूपात निघाल्या होत्या आणि ती पत्रकं वाटली होती बँकांनी आणि विमा कंपन्यांनी, हे कळल्यावर मला जरा हसू आलं. दहावा हिस्सा काढून ठेवायचा कुठे, हे पत्रक कुणाच्या हातून मिळतंय त्यावरूनच वाचकाला कळत असणार. मी स्वतः दर डिसेंबरात खातेदारांना कॅलेंडरं वाटतो, त्यामुळे फुकट वाटलेल्या कागदामागचा हेतू मला लांबूनच ओळखू येतो.

आपल्याकडेही हा विषय अगदीच नवा नाही. लोकहितवादींनी १८४९ सालीच 'लक्ष्मीज्ञान' लिहिलं होतं. पण ते देशाची संपत्ती कशी वाढते याबद्दलचं पुस्तक. हल्लीच्या पुस्तकांत देश नाही, गाव नाही, शेजार नाही. आहे तो फक्त एक माणूस आणि त्याचा खिसा. पावणेदोनशे वर्षांत लक्ष्मीचं क्षेत्रफळ एवढं आकसलं आहे.

आता या वाङ्मयाची लक्षणं पाहू. पहिलं लक्षण म्हणजे याच्या नायकाला एक तारखेला पगार होतो. तो कुठे नोकरी करतो, काय काम करतो, ते काम त्याला आवडतं का, याचा पत्ता नसतो. एक तारीख मात्र पक्की. दुसरं लक्षण, नायकाला आईवडील नसतात. असलेच तर ते निरोगी असतात आणि स्वतःच्या पेन्शनीवर दूर कुठंतरी सुखानं राहतात. नायकाला आत्या, मावश्या, चुलत-मावस भावंडं आणि त्यांची लग्नंही नसतात. मे महिन्यात ज्याला एकही पत्रिका येत नाही, असा मराठी माणूस मी फक्त या पुस्तकांतच पाहिला.

तिसरं लक्षण, खलनायक. हा खलनायक म्हणजे चहा. मूळ अमेरिकेत तो दुधाळ कॉफीच्या रूपात होता. डेव्हिड बाख नावाच्या लेखकानं रोजच्या महागड्या कॉफीच्या पैशांचा हिशोब करकरून तिला जगभर बदनाम केलं. मराठीत येता येता कॉफीचा चहा झाला. तिकडची कॉफी आणि इकडचा टपरीवरचा कट यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, ही गोष्ट भाषांतरात कुठंतरी सांडली. तर आपल्याला सांगण्यात येतं, की मंडळी, चहा सोडा आणि त्या पैशांची दरमहा म्युच्युअल फंडात एसआयपी करा. आमच्या शाखेत तिला सगळे 'सिप'च म्हणतात. इंग्रजीत सिप म्हणजे घोट. म्हणजे घोट बंद करून घोट सुरू करायचा.

बी. कॉम. माणसाला असं उदाहरण दिसलं की त्याचा हात आपोआप कॅलक्युलेटरकडे जातो. दहा रुपयांचा चहा, दिवसाला दोन, म्हणजे महिन्याला सहाशे. हे सहाशे रुपये तीस वर्षं दरमहा टाकले आणि पुस्तकांच्या लाडक्या बारा टक्क्यांनी वाढले (हे बारा टक्के कुणीही लिहून देत नाही, फक्त छापून देतात), तर सुमारे एकवीस लाख होतात. एकवीस लाख! पुस्तकातला हिशोब इथं संपतो आणि पुढच्या पानावर समुद्रकिनारी खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्या जोडप्याचं चित्र येतं. पण मी पुढं गेलो. महागाई दरसाल सहा टक्के धरली तर तीस वर्षांनी दहा रुपयांचा चहा सत्तावन्न रुपयांना होतो. त्या भावानं एकवीस लाखांत सदतीस हजारांच्या आसपास चहा येतात. आणि आपण तीस वर्षांत सोडले किती? एकवीस हजार नऊशे. म्हणजे ऐन उमेदीतल्या बावीस हजार चहांवर पाणी सोडून म्हातारपणी सदतीस हजार चहा मिळवायचे. तोपर्यंत डॉक्टरांनी साखर बंद केलेली असते.

चेष्टा सोडा. पण बावीस हजार चहा म्हणजे नुसता चहा नसतो, हे या लेखकांना दिसत नाही. बाजार समितीसमोरच्या टपरीवर कापसाला आज काय भाव फुटला, कुठला व्यापारी मापात मारतो, कुणाची पोरगी लग्नाची आहे आणि कुणाचा मुलगा पुण्यात चिकटला, हे सगळं चहाबरोबर मिळतं. दहा रुपयांत चहा येतो आणि बातमी फुकट येते. बऱ्याचदा त्या बातमीची किंमत क्विंटलमागे शंभर रुपये निघते. काटकसर करायचीच तर मी टपरीवरून उठताना मळायला लागणाऱ्या तंबाखूपासून सुरुवात करायला सांगेन. पण तंबाखूवर या पुस्तकांत प्रकरण नाही. लेखकाच्या गावी ती मळत नसावेत.

चौथं लक्षण, टक्केवारी. २००५ साली एलिझाबेथ वॉरन आणि त्यांच्या कन्येनं एक पुस्तक लिहिलं, त्यात पन्नास-तीस-वीसचा नियम आहे. पन्नास टक्के गरजा, तीस टक्के हौस, वीस टक्के बचत. नियम सुटसुटीत आहे आणि वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पुरवण्यांत तो इतक्या वेळा येतो, की सोमवारी पेपरवाल्यानं पेपर टाकला नाही तरी मला तो पाठ म्हणता येईल. एका बाजाराच्या दिवशी काउंटरवर गर्दी कमी होती, तेव्हा आमच्या एका खातेदाराला मी हा नियम समजावून सांगितला. सात एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि मधून तुरीचं तास, असा त्यांचा कारभार. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं,

"साहेब, हे महिन्याचं गनित हाय ना?"

"हो."

"मंग मी कोन्ता महिना धरू, थे सांगा. जूनात पेरनी, तं सारा पैसा जमिनीत. दिवाळीले सोयाबीन निंघते, तं सारा पैसा दुकानदाराले अन् तुमाले. बाकीचे धा महिने मले कोनी पगार देऊन नाई राह्यलं."

मी म्हटलं, "तरी पण वीस टक्के कुठंतरी टाकायला हवेत."

"वीस? म्या तं शंभरच्या शंभर टाकतो."

"कुठं?"

"वावरात!" ते म्हणाले आणि पासबुक खिशात घालून निघून गेले.

त्यांची गुंतवणूक बाजाराच्या जोखमीच्या अधीन आहेच, शिवाय पावसाच्या, बियाण्याच्या, रोह्यांच्या आणि आयात धोरणाच्याही अधीन आहे. पण 'कागदपत्रं काळजीपूर्वक वाचा' अशी सूचना त्यांना पेरणीच्या आधी कोणी देत नाही. त्यांच्यासाठी या वाङ्मयात एकही पान नाही आणि आमच्या शाखेतली निम्म्याहून अधिक खाती अशाच माणसांची आहेत.

पाचवं लक्षण म्हणजे भाकीत. दिवाळीच्या सुमारास पुरवण्यांत तज्ज्ञ मंडळी येत्या संवत्सरात निर्देशांक कुठं जाईल हे सांगतात. आमच्या जिल्ह्याला या प्रकाराचं अप्रूप नाही. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. गोलाकार अठरा धान्यं, मधोमध घागर, तिच्यावर पापड, पुरी, कुरडई असे पदार्थ. रात्रभर तिथे कोणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे कुठलं धान्य किती सरकलं, पुरी राहिली की गेली, हे पाहून पाऊस, पिकं आणि देशाची आर्थिक स्थिती यांचं भाकीत सांगतात. साडेतीनशे वर्षांची परंपरा आहे, असं सांगितलं जातं. अंधश्रद्धा निर्मूलनवाले यावर टीका करतात आणि ती रास्तच आहे. कुरडई सरकण्याचा आणि रिझर्व्ह बँकेचा संबंध मलाही बी. कॉम.ला कोणी शिकवला नव्हता. पण एका बाबतीत भेंडवळ सरस आहे. तिथलं भाकीत चुकलं, तर पुढल्या वर्षी गावोगावचे लोक ते बोलून दाखवतात. तज्ज्ञांचं गेल्या दिवाळीचं भाकीत या दिवाळीला कोणी काढून पाहतो का? त्या अंकाची तोवर रद्दी झालेली असते. रद्दी विकणं हीदेखील काटकसरच.

इतकं वाचून कोणी म्हणेल, की हा गृहस्थ पुस्तकांवर उगाच उखडलेला आहे. तसं नाही. समीक्षकानं गुणही सांगावेत आणि या पुस्तकांत ते आहेत.

पहिला गुण, ती खर्च लिहायला लावतात. नुसता लिहिल्यानं खर्च कमी होतो, हे मी खातेदारांत पाहिलेलं आहे. दुसरा, 'आधी बाजूला काढा, उरलेलं खर्च करा.' उरलेलं बाजूला काढू म्हणणाऱ्या माणसाचं आजवर काही उरलेलं मी पाहिलेलं नाही. तिसरा गुण म्हणजे बहात्तरचा भागाकार. बहात्तरला व्याजाच्या दरानं भागलं की पैसे किती वर्षांत दुप्पट होतात ते निघतं. वर्षांनी भागलं तर दर निघतो. १९८८ साली किसान विकास पत्र आलं, तेव्हा पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट होत. भागाकार करा, तेरा टक्के येतात. १ एप्रिल २०२३ पासून दुप्पट होण्याची मुदत ११५ महिने ठरली. म्हणजे साडेसात टक्के. आता कोणी पाहुणा येऊन 'दोन वर्षांत डबल' म्हणाला, तर बहात्तर भागिले दोन, छत्तीस टक्के. छत्तीस टक्के देऊन वर स्वतः कमावणारा असा कोणता धंदा आहे, हे त्या पाहुण्याला विचारावं. तो बायकोच्या माहेरचा असला तर मनातल्या मनात विचारावं. या एका भागाकारासाठी मी ही सगळी पुस्तकं शाळेत लावायला तयार आहे.

मात्र वाचवलेला पैसा सुरक्षित कुठे असतो, याबद्दल भाषांतरित पुस्तकं काही सांगत नाहीत. ते अमेरिकेत बसून सांगता येण्यासारखं नाही. बँकेतल्या ठेवींना व्याजासकट माणशी पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. हा आकडा ४ फेब्रुवारी २०२० पासूनचा, त्याआधी १९९३ पासून तो एक लाख होता. सहकारी बँका त्यात येतात, पतसंस्था येत नाहीत. अर्धा-एक टक्का जास्त व्याजासाठी आयुष्याची पुंजी एका जागी ठेवणाऱ्या माणसाला चहा सोडायला सांगण्यापेक्षा हे एक वाक्य सांगितलं असतं, तर अधिक पुण्य लागलं असतं.

आता या वाङ्मयाचा सगळ्यात मोठा दोष. काटकसर ही लोकांना नव्यानं शिकवायची गोष्ट आहे, असं ते धरून चालतं. आमच्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर एक चक्कर मारा. पापड, कुरडया, सरगुंडे, मुगवड्या, साटं साटं वाळत घातलेली असतात. पावसाळ्यात भाजी महागली की काय करायचं, याची तजवीज एप्रिलातच झालेली असते. जुन्या लुगड्यांची गोधडी, गोधडी विरली की पायपुसणं, आणि पायपुसणंही विरलं की माझी स्कूटर पुसायचं फडकं. अमेरिकेत १९९० साली एका बाईंनी अशा युक्त्यांचं मासिक काढलं होतं. ते सहाएक वर्षं चाललं, लोक वर्गणी भरून वाचत. आमच्या आजीला ही गोष्ट सांगितली असती, तर 'जुनं फडकं वापरावं हे सांगायला पैसे घेते?' असं तिनं विचारलं असतं आणि लगोलग मासिक काढायचं मनावर घेतलं असतं.

ही काटकसर किती खोलवर मुरलेली आहे, हे मला ८ नोव्हेंबर २०१६ नंतर कळलं. पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि ३० डिसेंबरपर्यंत त्या बँकेत भरायच्या होत्या. त्या पन्नास दिवसांत आमच्या काउंटरवर जिल्ह्यातल्या समस्त स्वयंपाकघरांचं गुपित उघडं पडलं. नोटांना वास असतो, हे मला तेव्हा समजलं. काही नोटांना मेथीचा, काहींना हिंगाचा, काहींना नव्या लुगड्यात ठेवलेल्या डांबराच्या गोळ्यांचा. एक बाई रांगेत आल्या. पदराच्या गाठीतून पाचशेच्या तेवीस नोटा काढल्या, चौपदरी घड्या केलेल्या. मी मोजत असताना काचेशी तोंड आणून हळूच म्हणाल्या, "भाऊ, आमच्या घरच्याईले सांगू नका." मी मान हलवली. पुढं दोन माणसं झाली आणि तिसरे गृहस्थ स्लिप सरकवत म्हणाले, "साहेब, हे बायकोले मालूम नाई." स्लिपवरचं आडनाव आणि गाव तेच होतं. रक्कम साडेतीन हजार. म्हणजे वीस वर्षांच्या संसारात बाईंनी नवऱ्याच्या तिपटीहून जास्त वाचवले होते, तेही हातात कमाई नसताना. दोघांनी एकमेकांना रांगेत पाहिलं होतं की नाही, मला माहीत नाही. दोघांनाही मी पावती घडी करून दिली.

या बाईंनी कुठलंही पुस्तक वाचलेलं नव्हतं. अशाच बायकांची भिशी चालते, अशाच बायकांचे बचत गट. १९९२ साली नाबार्डनं देशभर प्रयोग म्हणून पाचशे बचत गट बँकांना जोडायचं ठरवलं, तेव्हा 'या काय फेडणार?' असं म्हणणारे आमच्याच धंद्यात कमी नव्हते. आज आमच्या शाखेत गटाच्या हप्त्याची तारीख चुकली, तर मॅनेजर आधी कॉम्प्युटर बिघडला असेल असं समजतात. तेच पिग्मीचं. सिंडिकेट बँकेनं १९२८ साली उडुपीकडे दारोदार जाऊन दोन-दोन आणे गोळा करायला सुरुवात केली. बँक २०२०मध्ये दुसऱ्या बँकेत विलीन झाली, पण 'पिग्मी' हा शब्द आमच्या पानटपरीवाल्याच्या तोंडी अजून आहे. संध्याकाळी एजंट दारात उभा राहिला, की पन्नास रुपये देताना तो जे तोंड करतो, त्याला मी काटकसर म्हणतो. माना डोलावण्याला नव्हे.

जो मुळात काटकसरच करतो आहे, त्याला 'तू उधळ्या आहेस' असं सांगणं ही जुनी खोड आहे. १८७५ साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले. त्या काळीही शेतकरी लग्नकार्यात उधळतो म्हणून कर्जात बुडतो, असं निदान सुशिक्षित मंडळी करत. जोतीराव फुल्यांनी १८८३च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये शेतकऱ्याचं घर, जेवण, अंथरूण-पांघरूण आणि लग्न कसं असतं हे दाखवून ते निदान खोडून काढलं. मी बँकेत लागल्यावर थोड्याच दिवसांत, जुलै २००६मध्ये, पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या सहांत आमचा बुलढाणा होता. त्या दिवसांत काउंटरवर येणाऱ्या माणसांच्या खर्चात कापायला काय शिल्लक होतं? चहासुद्धा त्यांनी कधीच सोडलेला होता. पाऊस गेला, भाव पडला आणि बियाणं उगवलं नाही, यावर खर्चाची वही लिहून उपाय होत नाही. हे ज्या पुस्तकाला कळत नाही, ते पगारदारांनी जरूर वाचावं. बाकीच्यांना ते ऐकवू नये.

आता उरलं सगळ्यात खपाऊ पुस्तक, रॉबर्ट कियोसाकींचं 'रिच डॅड पुअर डॅड'. १९९७चं. यात दोन बाप आहेत. एक श्रीमंत, मित्राचा; दुसरा गरीब, स्वतःचा, शिकलेला आणि शिक्षण खात्यात नोकरी करणारा. लेखक मित्राच्या बापाकडून शहाणपण शिकतो. याच लेखकाच्या एका कंपनीनं २०१२ साली दिवाळखोरी जाहीर केली, पण तो मुद्दा मी पुढं करत नाही. बँकवाल्यानं दुसऱ्याच्या दिवाळखोरीला हसू नये. माझी तक्रार वेगळी आहे. हे पुस्तक मराठीत आल्यापासून आमच्या गल्लीतली पोरं आपापल्या बापाकडे निराळ्याच नजरेनं पाहू लागली. शेजारचा इंजिनिअर मुलगा एकदा मला म्हणाला, "काका, बाबांनी चाळीस वर्षं नोकरी केली आणि शेवटी एक घर. पक्के पुअर डॅड!" त्याचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. माझेही.

मी त्याला आमच्या वडिलांची जमाखर्चाची वही वाचायला दिली. समीक्षेच्या ओघात तिचाही परिचय करून देतो. लाल पुठ्ठा, लांबट आकार, शाई निळी. भाषा अत्यंत संयमी. 'शेगाव वारी, एसटी व कचोरी, ९ रु.' 'धाकट्या भावाची फी, ६५ रु.' 'शाळेच्या शिपायास, मुलगी आजारी, हात उसने ४० रु.' 'आहेर, ११ रु.' विशेषणं नाहीत, उपदेश नाही, समुद्रकिनारा नाही. दर महिन्याच्या शेवटी एक बेरीज आणि तिच्याखाली शिल्लक. बहुतेक महिन्यांत शिल्लक एका आकड्यात. मुलगा दोन तास वाचत बसला आणि मग त्यानं अगदी पुस्तकी प्रश्न विचारला, "काका, हे हात उसने परत आले का?"

काही आले, बरेच आले नाहीत. आमच्या बँकेच्या भाषेत तो सगळा बुडीत धंदा. पण २०१२ साली वडिलांची बायपास तेव्हाच्या औरंगाबादेत करावी लागली, तेव्हा खात्यात होते त्यात भागणार नव्हतं. तीन दिवसांत निरनिराळ्या गावांहून अकरा माणसं येऊन पैसे देऊन गेली. त्यातल्या सहांना मी ओळखतही नव्हतो. त्यांची नावं नंतर वहीत सापडली.

हे ऐकून मुलाचे डोळे भरले वगैरे काही नाही. इंजिनिअर तो. तो म्हणाला, "पण तेव्हा मेडिक्लेम असता तर कुणाकडून घ्यावेच लागले नसते." आणि समीक्षक म्हणून मला हे मान्य करायला हवं, की त्याचं बरोबर होतं. वडिलांच्या वहीत विम्याचा रकाना नव्हता. अकरा माणसांनी वेळेवर यावं, हा काही नियम होऊ शकत नाही; ती माणसं त्या आठवड्यात पेरणीत अडकली असती तर? पण त्याच्या पुस्तकात हात उसन्याचा रकाना नाही, हेही तितकंच खरं. मी त्याला सांगितलं, की दोन्ही रकाने असलेली एक वही तू आख. चहा चालू ठेव, मेडिक्लेम काढ, आहेर बंद करू नकोस. आणि बापाला पुअर डॅड म्हणण्याआधी त्याची वही माग.

गेल्या महिन्यात त्यानं वही मागितली. वडिलांनी आधी, कशाला हवी म्हणून, पाऊण तास चौकशी केली आणि मग ट्रंकेतून एकदम बावीस वह्या काढून दिल्या. सध्या तो १९८७ सालापर्यंत पोचला आहे आणि दर दोन दिवसांनी मला येऊन सांगतो, की त्या काळी बाबांनी कुणाकुणाला किती दिले. आवाजात तक्रार असते, पण आकडे त्याला तोंडपाठ झाले आहेत.

राहता राहिला प्रश्न, ही काटकसरीची पुस्तकं वाचावीत की नाही. अवश्य वाचावीत. फक्त विकत घेऊ नयेत. तालुक्याच्या वाचनालयात ती सगळी आहेत, आणि वर्गणी भरून, नावाची नोंद करून, पंधरा दिवसांच्या बोलीवर पुस्तक घरी आणलं, की त्यातला अर्धा अभ्यासक्रम पहिलं पान उघडण्यापूर्वीच पुरा होतो. उरलेला अर्धा ते वेळेवर परत केलं की होतो.